शेवटच्या खोलीपर्यंत वायफाय

घरातल्या वायफायबद्दल प्रश्न पाठवा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांची तक्रार एकच आहे: हॉलमध्ये चालतं, आतल्या खोलीत चालत नाही. मात्र प्रत्येक घरात त्याचं कारण वेगळं असतं, म्हणून उत्तरं घराघराप्रमाणे दिली आहेत.

आमचा डोंबिवलीत टू-बीएचके फ्लॅट आहे. फायबरचा डबा मुख्य दाराशी, चपलांच्या कपाटात आहे. शेवटच्या बेडरूममध्ये मुलीचा ऑनलाइन क्लास सारखा अडकतो. कंपनीचा माणूस म्हणतो, १०० चा प्लॅन ३०० चा करा. करावा का?

आत्ता नको. आधी दोष कुठे आहे ते शोधा, त्याला पाच मिनिटं पुरतात. डब्यापासून हातभर अंतरावर उभं राहून, वायफायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांपैकी ५ च्या नावाला फोन जोडून स्पीड टेस्ट करा. तिथे ८०-९० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) मिळत असतील तर बाहेरून येणारी लाइन ठीक आहे. मग बेडरूमपर्यंत काहीच पोचत नसताना प्लॅन तिप्पट करून मुलीला काय मिळणार?

आता सिग्नल मोजा. फोनवरच्या दांड्यांवर विसंबू नका, प्रत्येक कंपनी त्या आपल्या मनाने दाखवते. अँड्रॉइडवर वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारचं कुठलंही मोफत अ‍ॅप घ्या. त्यात सिग्नल डीबीएममध्ये, उणे आकड्यात दिसतो. उणे ५० म्हणजे उत्तम. व्हिडिओ कॉलला उणे ६७ पर्यंत चालतं. उणे ७५ ला मेसेज जातात, पण चित्र थबकतं. उणे ८० च्या पलीकडे नाव दिसतं, काम होत नाही. दर ३ डीबीला ताकद निम्मी होते आणि १० डीबीला दहावा हिस्सा उरतो, त्यामुळे ६५ आणि ७५ मधला फरक किरकोळ समजू नका. हॉल, पॅसेज, बेडरूमचं दार आणि मुलीचं टेबल अशा चार जागांचे आकडे कागदावर लिहून ठेवा. एका आकड्यावरून दुसऱ्यावर जाताना जिथे एकदम १५-२० डीबी गळतात, तिथेच अडथळा आहे.

तुमच्या घरात पहिला अडथळा चपलांचं कपाट असणार. दुसरा बहुधा बाथरूम: टाइल्स, नळाचे पाइप, वर लॉफ्टमध्ये भरलेली पाण्याची टाकी. पाणी आणि धातू हे वायफायचे सगळ्यात मोठे शत्रू. लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा, माशांची टाकी हे सगळे त्यातच मोडतात. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. ४ इंची भिंत समोरून ओलांडली तर ती ४ इंचच असते, पण डबा एका कोपऱ्यात आणि खोली त्याच रांगेत पुढे असेल तर लहर भिंतीतून तिरकी जाते आणि तीच भिंत जवळजवळ फूटभर जाडीची होते.

म्हणून डबा पॅसेजच्या तोंडाशी आणा. उंची ५ ते ७ फूट, चारही बाजूंनी मोकळा, टीव्हीच्या मागे नको. त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, फायबरच पुढे न्यायचं. टेक्निशियनला सांगा की १० किंवा १५ मीटरची पॅचकॉर्ड (तयार टोकांची फायबर वायर) आणि कपलर (दोन टोकं जोडणारा तुकडा) लावून द्या. घरगुती फायबरचं टोक बहुतेक ठिकाणी हिरवं असतं. हिरव्याला हिरवंच जोडायचं, निळं टोक त्यात बसतं पण प्रकाश गळतो. टोकाच्या पांढऱ्या ठिपक्याला बोट लावू नका, आणि वायर चहाच्या कपाच्या घेरापेक्षा लहान वेटोळ्यात वाकवू नका. काम झाल्यावर डब्याच्या सेटिंगमध्ये ऑप्टिकल पॉवर, म्हणजे पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, बघायला सांगा. तीही डीबीएममध्येच असते. उणे १५ ते उणे २५ ठीक, उणे २७ च्या पुढे गेला तर जोडणी पुन्हा करून घ्या, नाहीतर पावसाळ्यात एलओएसचा (प्रकाश येत नसल्याचा) लाल दिवा लुकलुकायला लागतो.

दुसरा मार्ग म्हणजे डबा जागेवरच ठेवून कॅट-६ या नेटवर्क केबलने वेगळा राउटर पॅसेजमध्ये लावायचा. नव्या इमारतींत टेलिफोन किंवा केबल टीव्हीसाठी घातलेला कन्सिल्ड पाइप रिकामा असतो. इलेक्ट्रिशियन स्प्रिंग घालून त्यातून वायर ओढतो. विजेच्या तारांच्या पाइपमधून मात्र ओढू देऊ नका. पाइप नसेल तर स्कर्टिंगच्या वरून पट्टी मारा.

मग त्याच चार जागी पुन्हा मोजा. टेबलापाशी उणे ६७ किंवा त्याहून चांगला आकडा आला की १०० चा प्लॅन क्लासला भरपूर झाला.

रत्नागिरीजवळ आमचं चिऱ्याचं दोनमजली घर आहे, मध्ये स्लॅब. राउटर खाली पडवीत आहे. वरच्या खोलीत रिपीटर लावला, फोनवर पूर्ण दांड्या दिसतात, पण व्हिडिओ काही चालत नाही. रिपीटर खराब निघाला का?

रिपीटर, म्हणजे राउटरचा सिग्नल पकडून पुढे देणारा डबा, चांगला आहे, जागा चुकली आहे. तुम्हाला दिसतात त्या दांड्या फोन ते रिपीटर या अंतराच्या आहेत. रिपीटर ते राउटर हे अंतर कसं आहे, ते फोनला कळतच नाही. जिथे सिग्नल पोचत नाही तिथेच तुम्ही रिपीटर लावलात, मग तो बिचारा पुढे काय देणार? तो नेहमी वाटेत लावायचा, म्हणजे जिथे खालच्या राउटरचा सिग्नल अजून उणे ६० ते ६५ असतो तिथे. तुमच्याकडे ती जागा जिन्याच्या वळणावर असेल, कारण स्लॅबमध्ये फक्त जिन्यापाशीच मोकळी जागा असते. बाकी सगळीकडे सळ्यांची जाळी आणि काँक्रीट मिळून २० डीबी सहज खातात. चिऱ्याची भिंत जाड असतेच, शिवाय जांभा पाणी धरतो. म्हणून उन्हाळ्यात जेमतेम चालणारं वायफाय आषाढात अगदी मरतं.

जागा बदलल्यावरही साध्या रिपीटरला एक मर्यादा राहते. तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर बोलतो, म्हणून वेग निम्मा होतो. राउटरशी ५ गिगाहर्ट्झवर आणि फोनशी २.४ वर बोलणारा डबा असेल तर नुकसान कमी होतं.

पण स्वतःचं घर आहे आणि कायमची सोय हवी आहे, तर वायर न्या. दोन मजल्यांच्या घराला आमचं हेच सांगणं आहे. बाहेरच्या भिंतीवरून काळ्या आवरणाची, उन्हात न तडकणारी आउटडोअर कॅट-६ घ्या. साधी करडी केबल कोकणच्या उन्हा-पावसात फार वर्षं टिकत नाही. तुमच्यासारख्या घराला साधारण २० ते २५ मीटर पुरते. भोक आतून बाहेर उताराचं पाडा, म्हणजे पाणी आत येणार नाही. केबल भोकात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, पाणी त्या झोळावरून ठिबकून जातं. भोक सिलिकॉनने बंद करा. वरच्या टोकाला केबलवरचं इंटरनेट वायफायने देणारा डबा, म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंट लावा. पुष्कळशा रिपीटरलाही खाली एक लॅन पोर्ट (नेटवर्क केबल जोडायची खाच) असतो आणि सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट मोड असतो, तेव्हा आधी हातातला डबा उलटा करून बघा. नवं काही घ्यावं लागणारही नाही.

जुना राउटर पडून आहे. नव्या फायबर कनेक्शनला जोडून मागच्या खोलीत वापरता येईल का? एकदा प्रयत्न केला, पण फोनवर ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’ येत होतं. – नाशिक

येईल. तुमच्या घरात त्या दिवशी दोन राउटर एकाच वेळी पत्ते वाटत होते. डीएचसीपी म्हणजे प्रत्येक फोनला आयपी पत्ता देणारा कारकून. घरात तो एकच हवा. दोन असले की काही फोनना जुन्या डब्याकडून पत्ता मिळतो आणि इंटरनेटचं दार म्हणूनही तो डबा स्वतःकडेच बोट दाखवतो, जिथे इंटरनेट नाहीच.

राउटरच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट मोड लिहिलेला असेल तर तो निवडा, बाकी सगळं तोच करतो. नसेल तर हाताने करा. क्रम पाळा, कारण क्रम चुकला की डब्यात पुन्हा शिरता येत नाही.

जुन्या राउटरला अजून मुख्य डब्याशी जोडू नका. मागचं रिसेटचं भोक टाचणीने १० सेकंद दाबा. लॅपटॉप केबलने त्याच्या लॅन पोर्टला जोडून सेटिंगचं पान उघडा. आधी वायफायचं नाव आणि पासवर्ड मुख्य राउटरसारखाच, अक्षरन् अक्षर तोच ठेवा. सुरक्षा डब्ल्यूपीए-२. डब्ल्यूपीएस (पासवर्डशिवाय बटणाने जोडायची सोय) बंद. चॅनल, म्हणजे पट्ट्यातली लेन, मात्र वेगळा: मुख्य १ वर असेल तर हा ६ किंवा ११ वर. मग लॅनचा आयपी बदला. मुख्य डबा १९२.१६८.१.१ वर असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या, आणि हा आकडा मुख्य डबा जिथून पत्ते वाटतो त्या यादीच्या बाहेर असल्याची खात्री करा. राउटर पुन्हा सुरू झाला की नव्या पत्त्यावर आत या आणि सर्वांत शेवटी डीएचसीपी बंद करा. आता मुख्य डब्याच्या लॅनमधून केबल आणून जुन्याच्या लॅनमध्ये घाला. निळा किंवा वेगळ्या रंगाचा वॅन पोर्ट (बाहेरची लाइन जोडायचा) रिकामा राहू द्या. नवा आयपी एका चिठ्ठीवर लिहून डब्याच्या पोटाला चिकटवा, दोन वर्षांनी उपयोगी पडेल.

काही जण केबल वॅनमध्येच घालतात आणि इंटरनेट चालतंही. पण मग घरात दोन वेगळी जाळी होतात: मागच्या खोलीतल्या फोनला हॉलमधला प्रिंटर सापडत नाही, टीव्हीवर कास्ट होत नाही. फक्त २.४ चा जुना राउटर असेल तर त्याच्याकडून ४०-५० एमबीपीएसची अपेक्षा ठेवा. एका टीव्हीला आणि अभ्यासाला ते पुरतं.

पुण्यात मोठ्या सोसायटीत राहतो. दिवसा छान चालतं, रात्री ९ ते ११ मध्ये रखडतं. सिग्नल उणे ५५ आहे. मग अडचण काय?

आधी रात्री १० वाजता लॅपटॉप केबलने जोडून स्पीड बघा. केबलवरही रखडत असेल तर दोष बाहेरच्या लाइनचा आहे. तीन रात्रींचे आकडे आणि वेळा लिहून कंपनीकडे तक्रार करा. केबलवर ठीक आणि वायफायवर रखडतं, असं असेल तर शेजाऱ्यांची गर्दी आहे. सिग्नल जोरात असणं आणि बोलायला मोकळी वेळ मिळणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एका चॅनलवरचे सगळे राउटर एकमेकांचं ऐकून, थांबून, आळीपाळीने बोलतात. रात्री प्रत्येक घरात टीव्ही चालू होतो आणि रांग लांबते.

२.४ गिगाहर्ट्झवर आपल्याकडे १ ते १३ चॅनल आहेत, पण एकमेकांवर न चढणारे फक्त १, ६ आणि ११. अ‍ॅपमध्ये ३ किंवा ८ मोकळा दिसला म्हणून तो निवडू नका. तिथे दोन्ही बाजूंच्या राउटरचा त्रास होतो, आणि त्यांनाही तुमचा. शेजारी ६ वर असेल तर ६ वरच त्याच्याबरोबर रांगेत उभं राहणं बरं. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० केली तर अर्धा पट्टा एकट्याने अडवल्यासारखं होतं.

खरं उत्तर ५ गिगाहर्ट्झ. तिथे जागा पुष्कळ आहे आणि शेजाऱ्यांच्या भिंती इथे आपल्या उपयोगी पडतात, त्यांचा सिग्नल फारसा आत येत नाही. टीव्ही, लॅपटॉप आणि नवे फोन तिकडे हलवा. ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१ यांपैकी जो गट मोकळा तो घ्या. गर्दी फार असेल तर रुंदी ८० वरून ४० वर आणा. मधले ५२ ते १४४ रडारसोबत वाटून घ्यावे लागतात. राउटरला सुरू होताना आधी किमान मिनिटभर ऐकत बसावं लागतं आणि रडार जाणवलं तर चॅनल सोडावा लागतो, म्हणून विमानतळाजवळच्या घरांत मध्येच वायफाय गायब होऊ शकतं. २.४ वर स्मार्ट बल्ब, दाराची बेल असल्या वस्तू राहू द्या, त्यांतल्या बहुतेकांना दुसरं काही येत नाही. मायक्रोवेव्हही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. दूध गरम करताना कॉल तुटत असेल तर कारण तेच.

मालवणजवळ आमचा होमस्टे आहे. मुख्य घरापासून पाहुण्यांच्या खोल्या ६० मीटरवर, मध्ये माडाची बाग. लांब पल्ल्याचा राउटर मिळेल का?

राउटर लांब ओरडू शकेल, पण पाहुण्याच्या फोनचा आवाज तेवढा मोठा नसतो. वायफाय दोन्ही बाजूंनी बोलावं लागतं. शिवाय ओल्या झावळ्या ५ गिगाहर्ट्झ जवळजवळ गिळून टाकतात. दोन्ही छपरांमध्ये अगदी मोकळी दृष्टिरेषा असेल तरच आउटडोअर सीपीईची (छपरांवर समोरासमोर लावायच्या वायफाय डब्यांची) जोडी लावा, आणि माड वाढतात, वाऱ्याने हलतात हे लक्षात ठेवा.

६० मीटर कॅट-६ च्या १०० मीटरच्या मर्यादेत बसतं, तरीही आम्ही दोन इमारतींमध्ये तांबं घालू नका असंच सांगू. जवळ वीज पडली की दोन्ही घरांच्या अर्थिंगमध्ये क्षणभर मोठा फरक पडतो आणि तो धक्का केबलमधून दोन्हीकडच्या उपकरणांत शिरतो. कोकणात मृगाच्या आधी आणि परतीच्या पावसात विजा किती पडतात ते तुम्हाला सांगायला नको.

फायबर घाला. वस्तू अशा लागतील: एकाच तंतूवर चालणारी गिगाबिट सिंगल मोड मीडिया कन्व्हर्टरची, म्हणजे फायबर आणि कॅट-६ यांच्यात सिग्नल बदलणाऱ्या डब्यांची जोडी (एक ए, एक बी, दोन ए घेतले तर चालणार नाही), ८० मीटर ड्रॉप केबल (बाहेरून ओढायची फायबर), २५ मिमीचा एचडीपीई पाइप, दोन छोट्या पॅचकॉर्ड आणि पाहुण्यांकडे एक अ‍ॅक्सेस पॉइंट. कन्व्हर्टरला बहुधा निळी टोकं लागतात, घरच्या फायबरची हिरवी नाहीत, तेव्हा विकत घेताना पोर्ट बघून घ्या. पाइप दीड फूट खोल पुरा, वरून एक विटांचा थर द्या, म्हणजे माडाला आळं करताना पहार लागणार नाही. ड्रॉप केबलमध्ये आधारासाठी स्टीलची तार असू शकते. तशी असेल तर फायबर घालूनही विजेची वाट शिल्लक राहते, म्हणून एफआरपी (धातू नसलेल्या, तंतूंच्या प्लास्टिकच्या) आधाराची केबल मागा. स्टीलचीच मिळाली तर दोन्ही टोकांना ती तार भिंतीबाहेरच कापून टाका. टोकं जोडायला स्थानिक केबलवाल्याला बोलवा, त्याच्याकडे फायबर सांधायचं (स्प्लायसिंगचं) मशीन असतं.

नागपूरच्या घरात कॅट-६ टाकली, प्लॅन २०० चा, पण मागच्या खोलीत ९४ च्या वर एकदाही गेलं नाही.

९४-९५ हा आकडा ओळखीचा आहे. जोडणी १०० वर अडकली की नेमकं एवढंच मिळतं. १०० ला चार तारा पुरतात, १००० ला आठही लागतात. तेव्हा एक तरी तार टोकाशी सुटली आहे, किंवा दोन्हींपैकी एका डब्याचा पोर्टच १०० चा आहे. पोर्ट आधी तपासा, कारण स्वस्त फायबर डब्यांत १०० चे पोर्ट असतात. ते ठीक असेल तर दोन्ही टोकं कापून नवे आरजे-४५ प्लग बसवा. क्रम दोन्हीकडे एकच: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पाच-सातशेच्या टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागले पाहिजेत. तार सुरीने खरवडून बघा. वरून तांबूस आणि आत पांढरट असेल तर ती अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असलेली केबल आहे. ती टोकाशी पटकन तुटते, आणि दुकानदार किंमत कमी सांगतो ती त्यामुळेच.

कोल्हापुरात बंगल्यासाठी तीन डब्यांचा मेश घेतला. वर गेलं तरी फोन खालच्याच डब्याला चिकटून राहतो.

डबा कधी बदलायचा हे फोन ठरवतो, मेश (मिळून एकच वायफाय देणारे डबे) फक्त सुचवतो. खालच्या डब्याचं २.४ वर फार लांबपर्यंत ऐकू येत असेल तर फोन तो सोडत नाही. सेटिंगमध्ये ट्रान्समिट पॉवर असेल तर २.४ ची मध्यम किंवा कमी करा, आणि फास्ट रोमिंग (डबा चटकन बदलायची सोय) चालू करा. डबे एकमेकांच्या फार जवळ नकोत. तिसरा डबा काढून दोन दिवस बघा, पुष्कळ घरांत दोनच पुरतात. डब्यांना केबल जोडता आली तर नक्की जोडा, नाहीतर मेशचा बराच वेग हवेतल्या आपसातल्या बोलण्यातच जातो.

लोडशेडिंगमध्ये राउटर चालू ठेवायला काय घ्यावं? – बीड

राउटरचा मिनी यूपीएस. अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचा. बहुतेक डबे १२ व्होल्टचे असतात, पण ९ व्होल्टच्या डब्याला १२ लावला तर तो जळू शकतो. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. डबा आणि राउटर मिळून साधारण १० वॉट घेत असतील तर ८८०० एमएएचचा यूपीएस अडीच तास चालतो: त्यावरचा आकडा ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणून हिशोब ३२ वॉट-तासांचा धरा, आणि त्यातलंही काही व्होल्ट वाढवताना वाया जातं. वरच्या मजल्यावर दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट असेल तर त्यालाही वेगळा यूपीएस लागेल, नाहीतर वीज गेल्यावर खाली इंटरनेट असेल आणि वर नसेल.